मुंगीच्या नावावर अर्धं घर

घर माझं आहे असं मी गेली अठरा वर्षं म्हणते आहे आणि बँक मला म्हणू देते आहे. दुकानाची खोली, वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा पत्र्याचा आडोसा, यातलं नेमकं किती माझं आणि किती बँकेचं, हे आजवर कुणी बोट ठेवून दाखवलेलं नाही. गळायला लागलं की ते माझं असतं, एवढं मात्र अनुभवाने कळलं आहे.

खालच्या खोलीत माझं दुकान आहे. मी नवे कपडे शिवत नाही, दुसऱ्यांनी शिवलेले नीट करते. पॅन्टची उंची कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, दहा वर्षांपूर्वीच्या सुटात आजचं पोट बसवायचं. गल्ली मला तोंडावर मावशी म्हणते आणि पाठीमागे उसवबाई. मला दोन्ही चालतं. पडद्याआड पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल मला जेवढं कळतं तेवढं त्याच्या बायकोलाही कळत नसेल. त्यामुळे माणसं मला बरोबर ओळखता येतात असा माझा समज होता.

घर घेतलं तेव्हा नवरा होता. तो गावभरचे बॉयलर दुरुस्त करायचा आणि स्वतःचा खोकला पुढच्या महिन्यावर ढकलायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. कर्ज मात्र ठणठणीत आहे, अजून सात वर्षं तरी त्याला काही होत नाही.

राहिली मुलगी. लहानपणी दिसेल ती वस्तू उचलून आपल्या खाटेखाली नेऊन ठेवायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. आता मुंगी छत्तीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि एका कारखान्यात लोकांच्या कवळ्या बनवते. वरच्या मागच्या खोलीत राहते. तिच्या खिडकीत प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत असतात आणि पोस्टमन अजूनही त्यांच्याकडे बघून दचकतो.

या सगळ्यात माझा धाकटा भाऊ घुसला. नोकरीत असताना तो दुकानांचे वजनकाटे तपासायचा. निवृत्त झाल्यापासून कायद्यात शिरला आहे आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. दर रविवारी येतो, माझ्या हातचं ऑम्लेट खातो आणि फुकट सल्ला देऊन जातो.

"ताई, उद्या तू गचकलीस तर त्या पोरीने काय करायचं?" त्याने घास गिळत विचारलं.

"उद्या दोन सूट द्यायचेत. परवा बघते."

"चेष्टा नको. घर गहाण आणि कागदावर तू एकटी. तुझ्या मागे तिला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतील. आत्ताच तिला सहमालक करून टाक. गहाण आहे म्हणून बँकेची परवानगी लागते, त्याचा एक अर्ज असतो. तू लिहून द्यायचं की अर्धं घर मुलीच्या नावावर करते. तिने लिहून द्यायचं की घरही घेते आणि कर्जाचं ओझंही घेते. झालं."

भावाने 'झालं' म्हटलेलं एकही काम आजवर झालेलं नाही. पण हे मला पटलं, आणि का पटलं ते सांगून टाकते. गेला महिनाभर घरात काहीतरी शिजत होतं. माझी मेजर टेप भलत्याच खिळ्याला लटकलेली सापडली. मुंगीने तीन पिशव्या भरून जुने कपडे देऊन टाकले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती माझ्याशी गोड वागायला लागली. माझी चहाची किटली, जी आतून कधी घासायची नसते असा आमच्या घरचा अलिखित नियम आहे, ती तिने एका शनिवारी लख्ख घासून ठेवली. माणूस असा वागायला लागला की समजावं, त्याचा पाय दाराकडे वळला आहे.

ज्या घराच्या कागदावर आपलं नाव आहे ते घर टाकून कुणी सहजासहजी जात नाही, असं माझं गणित होतं. अर्धी मालकीण झाली की छपराचं बघेल, नळाचं बघेल, कर्जाचं बघेल आणि इथेच राहील. भाऊ म्हणाला तिची सोय होईल. मीही म्हटलं, हो, तिची सोय होईल.

अडचण एकच होती, मुंगीची सही. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, बघू. तिचं 'बघू' म्हणजे नकारच असतो, फक्त इस्त्री केलेला. तेव्हा विचारायचं नाही असं ठरवलं.

बारा वर्षांची असताना मुंगीने स्वतःची सही शोधून काढली होती. पहिल्या अक्षराला मोठा गोल फास, मध्ये नागमोडी रेघ, वर दोन ठिपके आणि खाली एक लफ्फेदार शेपटी. मग ती सही प्रत्येक वस्तूवर हवी. रुमालांवर, दप्तरावर, टोपीवर, पोहायच्या टॉवेलवर. मी ती निळ्या दोऱ्याने भरून दिली, चाळीस-पन्नास वेळा तरी. माझ्या स्वतःच्या सहीपेक्षा ती माझ्या बोटांत जास्त बसली आहे. मंगळवारी सकाळी मशीनवर बसून मी अर्ज उघडला आणि मुंगीच्या रकान्यात ती सही शाईने ठोकून दिली, शेपटीसकट. लाज वाटली का म्हणाल तर नाही वाटली. जिची दुपटी धुतली तिच्या सहीची कसली लाज.

बँकेत घरकर्जाचं टेबल वरच्या मजल्यावर आहे. खाली खाती, लॉकर, पैसे काढणं-भरणं. वर फक्त घरं. तिथे एक चष्मेवाली मुलगी बसते, वयाने मुंगीपेक्षा लहान. तिने अर्ज घेतला, चाळला, पडद्यावर काहीतरी बघितलं आणि परत अर्जाकडे बघितलं.

"काकू, ही सही त्यांनी तुमच्यासमोर केली?"

"सही झाली तेव्हा माझ्याइतकं जवळ कुणीच नव्हतं," मी म्हटलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"त्यांची सही अशी नाहीये."

"माझ्या मुलीची सही कशी आहे हे तू मला सांगणार?"

"सिस्टिममध्ये आहे ना," ती म्हणून गेली आणि मग तिचा चेहरा असा झाला की मला कीव आली. पॅन्ट बसत नाही आणि कबूलही करवत नाही, तेव्हा गिऱ्हाइकाचं तोंड असंच होतं. ती पडदा फिरवायला गेली, पण तोवर मी मान लांब करून बघून घेतलं होतं. एक उभी रेघ, एक आडवी आणि पुढे नुसतं फरपटणं. झुरळ शाईतून चालत गेलं असावं. गोल फास नाही, ठिपके नाहीत, शेपटी नाही. ही माझ्या मुंगीची आताची सही होती आणि मी ती कधी नीट पाहिलीच नव्हती.

"तिचं खातं तुमच्या बँकेत नाही," मी म्हटलं.

"मी काही सांगू शकत नाही, काकू."

"आणि या टेबलावर घरकर्जाशिवाय दुसरं काही होत नाही."

"खरंच मी काही सांगू शकत नाही." तिने माझा अर्ज उलटा करून माझ्याकडे सरकवला आणि खणातून दुसरा कोरा काढून वर ठेवला. "तो मी पाहिलेला नाही. हा नवा घ्या. सही त्यांचीच हवी. आणि काकू, आधी घरी बोला."

राग मला जिन्यात आला. त्याआधी खुर्चीतच आली ती भीती. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढते तेव्हा वरून मुंगीच्या चपलांचा फटफट आवाज येत असतो. त्या आवाजाला मी इतकी वर्षं नावं ठेवत आले आहे. तो उद्या येणार नाही, मी शटर ओढीन आणि वर काहीच नसेल, हे मला त्या खुर्चीत पहिल्यांदा दिसलं.

घरी येऊन मी भावाला फोन लावला. सहीचं काही बोलले नाही, बाकी सगळं सांगितलं.

"म्हणजे ती स्वतंत्र घर घेतेय," तो म्हणाला. "मग मात्र इथे नाव लागलं तर पंचाईत आहे. पहिलं घर घेणाऱ्याला सवलतीचं कर्ज असतं. ज्याच्या नावावर आधीच घर, त्याला नाही. वर तुझं कर्जही तिच्या डोक्यावर दिसणार. तुझा अर्ज नुसता दाखल झाला तरी तिची फाइल अडकेल."

"म्हणजे हे अर्धं घर तिला मिळालं की तिचं ते घर गेलं?"

"गेलं."

मग भाऊ घसा खाकरून म्हणाला, "मग तर बरंच आहे की, ताई." आम्ही दोघं एकाच आईची मुलं आहोत हे अशा वेळी कळतं.

आमच्या घरात एक पद्धत आहे. आई पुढे करेल त्या कागदावर मुंगी न वाचता सही करते. कुरियरवाला, गॅसवाला, पाण्याचं मीटर बघणारा, दुकानाच्या पावत्या, सगळे कागद मीच घेते आणि तिच्यासमोर धरते. ती नुसती भुवई उडवते, म्हणजे कुठे? मी बोट ठेवते, म्हणजे इथे. वाचायचं काम या घरात फक्त नवरा करायचा. तो काडेपेटीवरचा मजकूरसुद्धा वाचायचा आणि आम्ही दोघी त्याला हसायचो. तो गेला आणि वाचणारं कुणी उरलं नाही.

गुरुवारी सकाळी मुंगी नेहमीप्रमाणे उशिरा उठली, पाव तोंडात धरून एका हाताने केस बांधत खाली आली. मी दुकानाच्या दोन पावत्या पुढे केल्या आणि त्यांच्या खाली चष्मेवालीने दिलेला अर्ज. तिने भुवई उडवली. मी बोट ठेवलं, एकदा, दोनदा, तीनदा. तीन झुरळं चालून गेली. "येते गं," ती पावाच्या आडून म्हणाली आणि गेली.

आता माझ्याकडे खरी सही होती. दुपारी जेवून बँकेत जायचं ठरलं. जेवण झालं. मग भांडी घासली. मग एक जण सात जीन्स टाकून गेला. पुढच्या आठवड्यात दिल्या तरी चालतील असं त्याने दोनदा सांगूनही मी त्या लगेच करायला घेतल्या. माझा चांगुलपणा आडवा आला असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं काही नव्हतं. अर्ज पिशवीत होता, पिशवी खुंटीला होती आणि मी तिच्याकडे पाठ करून बसले होते, एवढंच.

चार वाजता मुंगी आली. तिची वेळ साडेसहाची.

"लवकर कशी?"

"काम लवकर संपलं." तिने न सांगता जीन्सच्या घड्या घालायला घेतल्या. माझा चहा केला. मशीनवरचे दोरे उचलले. मी वाट बघत होते. मग तिने पर्समधून कागदांची एक चळत काढून माझ्यापुढे ठेवली. वर कुरियरच्या पावत्या होत्या.

"आई, सह्या कर ना. कुरियरचं आहे." आणि तिने बोट ठेवलं, इथे.

अख्ख्या जगात दुसऱ्या कुणी मला असं फसवलं असतं तर मी फसले असते. पण तो डाव मी त्याच दिवशी सकाळी टाकला होता, त्याच मशीनवर. मी वरच्या पावत्या बाजूला केल्या आणि खालचा कागद उचलून चष्मा लावला. मी कागद वाचते आहे हे बघून मुंगीने घडी घातलेली जीन्स उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

अर्जदार सध्या ज्या गहाण घरात राहते त्या घरावर तिचा कोणताही मालकी हक्क किंवा हिस्सा नाही, असे घरमालकाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून सही करावी. त्याखाली चार ओळींची मोकळी जागा होती.

"हे कुरियरचं नाही," मी म्हटलं.

"नाही."

"स्वतःच्या हस्ताक्षरात म्हटलंय. ते कोण लिहिणार होतं?"

"मी. तुझ्या अक्षरात. तुझ्या चिठ्ठ्या वाचून वाचून येतं मला."

मंगळवारी मीही तिची सही अशीच ठोकली होती, शेपटीसकट. मुंगी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

"घर घेतेयस," मी म्हटलं.

"हो."

"कुठे?"

"पुलापलीकडे. तिसरा मजला. एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. खाली टायरचं दुकान आहे."

"वास येईल."

"येतो."

"ओटा केवढाय?"

"आई."

"मला का नाही सांगितलंस?"

"मागच्या वेळी सांगितलं होतं." ती जीन्सकडे बघत बोलली. "नऊ वर्षांपूर्वी. दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती तेव्हा. तुला चक्कर यायला लागली. दोन महिने येत होती. मी पत्र पाठवून नकार कळवला आणि पुढच्या सोमवारी तू उठून दुकान उघडलंस."

"चक्कर खरी होती."

"पहिले दोन दिवस," मुंगी म्हणाली.

दोनच दिवस खरी होती. मला वाटायचं हे फक्त मला माहीत आहे. नऊ वर्षं ती ते पोटात ठेवून माझ्यासमोर जेवत होती.

"इथे काय कमी आहे तुला?" मी विचारलं, कारण गप्प बसणं मला जमत नाही.

"काही नाही. दार."

"तुझ्या खोलीला दार आहे."

"आहे. तू ठोठावत नाहीस."

"मी ठोठावते."

"आत येता येता ठोठावतेस." तिला हसू आलं आणि तिने ते आवरलं. "मला एकदा असं घरी यायचंय की कुणी विचारणार नाही, जेवलीस का, उशीर का झाला, तोंड असं का केलंयस. एवढंच. तुझा राग नाही गं मला. मी छत्तीस वर्षांची आहे आणि मला एकटीला घरात शिरून दार लावून बघायचंय."

आता मला एक सांगायला हवं, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. हे घर घेतलं त्याआधी आम्ही सासूबाईंकडे राहत होतो, एकोणीस वर्षं. निघालो त्या दिवशी त्या दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या आणि मी तोंड पाडून त्यांच्या पाया पडले. टेम्पो कोपऱ्यावर वळला आणि सामानावर बसल्या बसल्या मला असं हसू फुटलं की नवऱ्याला वाटलं, मला झटकाच आला. थांबेचना. इतकं सुख मला त्याआधी झालं नव्हतं आणि त्यानंतरही झालेलं नाही. सासूबाई काही त्या दुःखाने खचल्या वगैरे नाहीत, उलट त्यांची तब्येत सुधारली. मुंगी तेव्हा अठरा वर्षांची होती आणि माझ्या शेजारी गादीच्या गुंडाळीवर बसली होती. माझं ते हसू तिने पाहिलं असणारच.

मी उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि सकाळचा अर्ज तिच्या मांडीवर ठेवला.

तिने वाचला. शेवटपर्यंत वाचला, बापासारखा, ओठ हलवत. मग पहिल्यापासून परत वाचला.

"यावर माझी सही आहे."

"सकाळची. तोंडात पाव होता."

"हे तू दिलं असतंस तर माझं घर गेलं असतं."

"माहीत आहे."

"माहीत असून माझी सही घेतलीस?"

"माहीत होतं म्हणूनच घेतली," मी म्हटलं. "तू जाऊ नयेस म्हणून. मला एकटीला भीती वाटते."

एवढं बोलायला मला साठ वर्षं लागली आणि बोलून झाल्यावर छत कोसळलं नाही.

"तू भयंकर बाई आहेस," मुंगी म्हणाली.

"आहे. आणि तू कुरियरच्या पावत्या घेऊन आली होतीस."

"तरीच." तिच्या काहीतरी लक्षात आलं. "महिनाभर बँकेने मला हे मागितलं नव्हतं. काल अचानक फोन आला, आईकडून लिहून आणा म्हणून. तू गेली होतीस तिथे."

"मंगळवारी."

"म्हणजे हा कागद तुझ्यामुळेच निघाला."

"माझ्यामुळेच. मामाने सांगितलं, तुझी सोय होईल."

"तुझ्यामागे घर मला द्यायचं असेल तर मृत्युपत्र कर ना, आई. त्याला माझी सही लागत नाही आणि आत्ता बँकेलाही विचारावं लागत नाही."

एवढी साधी गोष्ट. रविवारमागून रविवार माझी अंडी खाणाऱ्या माणसाला ती सुचली नव्हती. किंवा सुचली असेल आणि त्यालाही भाचीने लांब जायला नको असेल. त्याला विचारून काही उपयोग नाही, तो कायदा सांगायला लागेल.

मी कापडाची मोठी कात्री घेतली. त्या कात्रीने मी कागद कधी कापत नाही, धार जाते. तो अर्ज मात्र मी त्याच कात्रीने कापला, उभा, मग आडवा, आणि तुकडे चिंध्यांच्या टोपलीत टाकले.

आता लिहायचं होतं. मुंगीने पेन दिलं. मशीनच्या पाट्यावर कागद ठेवून मी सुरुवात केली, मी लिहून देते की माझी मुलगी माझ्या घरात राहते. इथवर बरं चाललं. पुढचं वाक्य मनात जुळवलं आणि हात चालेना. हे घर तुझं आहे, असं मी तिला किती वेळा सांगितलं असेल. भांडणात सांगितलं, तापात सांगितलं, ती नापास झाली तेव्हा सांगितलं, तिचे बाबा गेले त्या दिवशी दिवसभर तेच सांगत होते. आणि आता तेच नाकारायचं, तेही स्वतःच्या हाताने. मला रडू आलं. डोळे पाणावले वगैरे नाही, चांगलं नाक वाहेपर्यंत रडले.

"मला हे लिहवत नाही गं."

नको लिहूस, असं ती म्हणाली नाही. तिने टोपलीतून एक मऊ चिंधी काढून माझ्या हातात दिली. "सावकाश लिही," ती म्हणाली. "मला घाई नाही."

नाक पुसून मी लिहिलं. या घरावर तिचा कोणताही हक्क किंवा हिस्सा नाही. ओळ उताराला लागली होती आणि अक्षर दुसऱ्या कुणाचं वाटत होतं. खाली सही केली आणि कागद तिच्याकडे ढकलला.

"दोन प्रती लागतात," मुंगी हळूच म्हणाली.

"झेरॉक्स काढ."

"दोन्ही हाताने लिहिलेल्या हव्यात, आई."

मी बँकेला शिव्या दिल्या. मग त्या चष्मेवालीला दिल्या, मग भावाला दिल्या. त्या संपेपर्यंत मुंगी थांबली. मग तिने दुसरा कागद माझ्यासमोर नीट ठेवला, आणि पंख्याने तो उडत होता म्हणून त्याची वरची कड तळहाताने दाबून शेजारी बसली. माझ्या मुलीचा माझ्या घरावर काहीही हक्क नाही, असं मी तिच्या हाताखाली पुन्हा एकदा पहिल्यापासून लिहिलं. या वेळी ओळ सरळ आली.